तिने लपवलं नव्हतं

डॉक्टर मॅडमनी बायोप्सीचा रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि माझ्याकडे नाही, माझ्या बायकोकडे पाहून बोलल्या, "अम्मा, बच्चेदानी का कैंसर है. इलाज है. पर पहले देखना पड़ेगा, कहां तक गया है."

मंदा "हव", म्हणजे हो, म्हणाली, भाजीचा भाव ऐकल्यासारखी. भिलाईहून आलेली आमची मुलगी वैशाली रडू लागली. मग मॅडमनी विचारलं, रक्त कधीपासून जातं? मंदाने तोंड उघडायच्या आत मी सांगून टाकलं, महिनाभरापासून.

मंदाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

मी खोटं बोललो होतो. त्यानंतर रायपुरातले सगळे नातेवाईक म्हणू लागले की मंदाने लाजेपायी दुखणं अंगावर काढलं, कोणाला सांगितलंच नाही. मी ते खाली मान घालून ऐकत राहिलो.

खरं असं आहे. आदल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या, म्हणजे गौरींच्या, जेवणाच्या दिवशी सकाळी मी दाराला तोरण बांधत होतो. मंदा जवळ आली आणि हळूच म्हणाली, "अहो, मले परत सुरू झालं." तिची पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. घरात पुरणाचा वास, दुपारी जेवायला सवाष्णी येणार. मला काळजी वाटली नाही, राग आला. म्हणालो, "आजच्याच दिवशी? बस बाजूले. अन् कोणाले सांगू नको, लोक हासतील या वयात."

ती मागच्या खोलीत चटई टाकून बसली. चौबे कॉलोनीतल्या बायकांना मी सांगितलं की तिचे गुडघे धरलेत. महालक्ष्म्यांची पूजा शेजारच्या वहिनींनी केली.

मग ते थांबलं. पुन्हा आलं. असं वर्षभर चाललं. चटई दिसली की मी ओळखायचो आणि देवाची दिवाबत्ती स्वतः करायचो. मला वाटायचं, मी बायकोला मदत करून राहिलो आहे.

शेवटी वैशाली माहेरी आलेली असताना मंदा न्हाणीघरात चक्कर येऊन पडली, तेव्हा रक्त लेकीने पाहिलं. सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर जाड दिसलं. त्या अस्तराचा लहानसा तुकडा काढून तपासतात, ती एंडोमेट्रियल बायोप्सी. त्यात कॅन्सर निघाला.

पुढे स्टेजिंग, म्हणजे रोग कुठवर पोचला ते ठरवणं. मॅडमनी कागदावर पेरूसारखं गर्भाशय काढून दाखवलं. रोग त्याच्या आतच असेल तर पहिली स्टेज, गर्भाशयाच्या तोंडापर्यंत उतरला तर दुसरी, गर्भाशयाबाहेर किंवा आसपासच्या लसीकाग्रंथींच्या गाठींमध्ये गेला तर तिसरी, फुप्फुसासारख्या दूरच्या जागी गेला तर चौथी. मी त्या पेरूकडे पाहत मनात हिशेब करत होतो, महालक्ष्म्यांच्या दिवशी तो कुठे असेल.

एमआरआयमध्ये गर्भाशयाची भिंत किती पोखरली आहे ते कळतं. आत यंत्र ठोकल्यासारखं वाजतं. बाहेर बाकावर बसून मी तो आवाज ऐकला. देवाचं नाव तोंडात येईना. कोणत्या तोंडाने घेणार?

मग पेट स्कॅन. उपाशीपोटी बोलावतात. साखरेसारखं किंचित किरणोत्सर्गी औषध शिरेतून देतात, शांत खोलीत एकटं बसवतात. कॅन्सरच्या पेशी साखरेला हपापलेल्या असतात, त्या चित्रात चमकतात. स्कॅन झाल्यावर तिथला माणूस म्हणाला, "अम्मा, आज छोटे बच्चों से और गर्भवती से दूर रहना. पानी खूब पीना."

मंदा मला म्हणाली, "म्हंजे आजही बाजूलेच बसू?"

घरी वैशालीची लहान मुलगी होती. मंदा मागच्या खोलीत गेली, तीच चटई टाकून बसली. वैशाली पाण्याचा तांब्या ठेवून दारातून बोलत होती, "आई, तू पहिल्याच दिवशी काहून नाही सांगितलं? इतकी काय लाज?" मंदाने माझं नाव घेतलं नाही. तिला वाटत असावं, आता माझी अब्रू राखणं एवढंच तिच्या हातात आहे.

मी म्हणालो, "सांगितलं होतं. मले सांगितलं होतं. मीच गप्प बसवलं तिले."

वैशालीने माझ्याकडे पाहिलं आणि ती मुलीला उचलून बाहेर निघून गेली. मंदाने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "पाणी द्या."

रिपोर्टात आतड्यांमागच्या गाठी चमकत होत्या. तिसरी स्टेज. फुप्फुसं साफ होती. मी मॅडमना सांगितलं की महिना नाही, वर्ष झालं, आणि ती लपवत नव्हती. त्यांनी ते लिहून घेतलं आणि ऑपरेशनचं बोलू लागल्या. माझ्या खरं बोलण्याने गाठ एका केसानेही लहान झाली नाही.

ऑपरेशन झालं. आता किमो चालू आहे, म्हणजे शिरेतून औषध. पुढे रेडिएशन, म्हणजे किरणांचा शेक. गुण किती येईल, मॅडम सांगत नाहीत. मीही विचारत नाही.

हे वाचणाऱ्या बायांनो, पाळी गेल्यावर एक डाग दिसला तरी त्याच आठवड्यात दाखवा. दर वेळी कॅन्सरच असतो असं नाही, पण ते डॉक्टरला ठरवू द्या. आणि माझ्यासारख्या पुरुषांनो, बायको सांगेल तेव्हा तोरण खाली ठेवा.

फोडणीचा वास सहन होत नाही म्हणून मंदा अजून मागच्याच खोलीत असते. मीही माझी खाट तिथेच टाकली आहे. तिचे केस गेलेत, हात काडीसारखे झालेत. मी जवळ बसलो की म्हणते, "सरका तिकडे, शिवाल मले."

मी सरकत नाही. ती असं बोलते त्या दिवशी मी सुखाने जेवतो. काल ती काही बोलली नाही. आज सकाळपासून मी तिच्या उशाशी बसून आहे, तिने मला एकदा टोचून बोलावं म्हणून.