बेबीकाकूंचं ताट

गजूचा आमच्याकडे जेवायचा वार गुरुवार. त्या दिवशी मंगळवार होता, तरी तो सकाळीच दारात उभा... हातात कापडी पिशवी, पिशवीत ताट. मंगळवार बेबीकाकूंचा. सकाळी त्यांचं पाणी भरायचं आणि संध्याकाळी तिथेच जेवायचं, असा त्याचा रिवाज होता. "ताई, काकू उठूनच नाई राह्यल्या," तो म्हणाला. मी पायात चपला न घालताच धावले. काकू कुशीवर निजल्या होत्या, हात गार. ओट्यावर पातोड्यांसाठी रात्रीच काढून ठेवलेलं बेसन झाकलेलं होतं. पातोडीची रस्साभाजी गजूच्या आवडीची.

आपल्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, असं सरकार म्हणतं. नाचणगावात ती आहे की नाही हे मात्र बेबीकाकूंचं नाक ठरवायचं. चौकात उभ्या राहून त्या भल्याभल्यांना "हाऽऽ कर" म्हणायच्या आणि माणूस गुमान तोंड उघडायचा. बायकांना घेऊन त्यांनी कितीतरी मोहाच्या भट्ट्या उलथवल्या. त्यातली एक गजूच्या बापाची. त्या नाकाचा त्यांना भारी अभिमान होता, आणि आम्ही त्यावरून त्यांची थट्टाही पुष्कळ करायचो.

गजू ट्रकवर ड्रायव्हर होता, नागपूरच्या फेऱ्या करायचा. रात्रभर जागं राहायला कुणीतरी त्याला एमडी नावाची नशेची पावडर दिली. पुढे गाडी सुटली, पावडर सुटली नाही. आईला संशय आला, तशी ती त्याला धरून काकूंकडे घेऊन आली. काकूंनी चौकात सगळ्यांदेखत त्याचं तोंड हुंगलं आणि निकाल दिला, "पोरगा साफ हाय. उगाच काऊन बदनाम करतं वं पोराले?" त्याच आठवड्यात गजूनं आईचं गॅस सिलिंडर विकलं. आई रडत लेकीकडे आंजीला निघून गेली, ती परत आली नाही. त्या दिवशी संध्याकाळी काकू माझ्या पायरीवर येऊन बसल्या. एवढी कजाग बाई, पण चेहरा पार उतरलेला. "मंदे, ह्याले वासच नाई वं," त्या म्हणाल्या. "आता धरू कसं?"

मग पोलीस येऊन भाषण करून गेले, शाळेच्या पोरांची फेरी निघाली, फलक लागला. काकू मात्र गजूला घेऊन वर्ध्याच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले, याला औषधाइतकीच माणसांची गरज आहे, एकटं सोडू नका. पावडरीनं भूक मरते, हेही काकूंनी तिथेच ऐकलं. परत येताना बसमध्येच त्यांचं ठरलं. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, रोज एका घरी. तसा गजूचा वार लावायचा. ताट मात्र एकच, काकूंच्या लग्नातलं, काठावर त्यांचं नाव कोरलेलं. ते त्यानं घरोघर न्यायचं आणि जेवून धुऊन ठेवायचं. काही घरांनी नाकं मुरडली. चोराला कोण वाढणार? काकूंनी कंबरेला पदर खोचला. "त्याच्या बापाची भट्टी म्या उलथवली. आता पोराले उपाशी मरू देऊ का?" स्वतःचं धरून सात घरं मिळवून मगच त्या घरी गेल्या. आम्हाला नियम एकच, "जेवला नाई की त्याले बोलजा नोका. मले सांगजा." मग दुसऱ्या दिवशीच्या घरी त्या स्वतः जाऊन सांगायच्या, आज त्याच्या आवडीचं करा.

सुरुवातीला तो भाकरीचा चुरा करून उठायचा. मी निरोप द्यायचे, काकू शुक्रवारच्या घराकडे चालू लागायच्या. असं कितीदा झालं... आणि एका गुरुवारी त्यानं चक्क वांग्याची भाजी पुन्हा मागितली. नियमात नव्हतं, तरी मी सांगायला धावले. काकू कितीतरी वेळ हसत राहिल्या आणि मग डोळे पुसत म्हणाल्या, "पाह्य, नाकाचं काम पोटानं केलं." पोरगं वाचलं असं आम्हा दोघींना त्या दिवशी खरंच वाटलं. आता वाटतं, ते फक्त काकूंच्या पायांवर उभं होतं.

काकूंच्या तेरवीला गजूनंच पंगती वाढल्या, सगळ्यांनी कौतुक केलं. त्यानंतर रविवारच्या घरी लेक बाळंतपणाला आली, शनिवारच्या सुनेला भीती वाटू लागली, शुक्रवारवाले म्हणाले आता पुरे झालं. मंगळवार तर काकूंसोबतच गेला होता. मी दोन घरी जाऊन बोलले, हात जोडले. काकूंसारखं भांडता मला येत नाही. पाहता पाहता सोमवार-बुधवारही गळाले, गुरुवार तेवढा उरला.

गेल्या आठवड्यात तो आला तो बोलतच आला. नवी गाडी घेणार, आईला परत आणणार... गुडघा सारखा हलत होता, जबडा चालत होता, तोंडात घास नसताना. भाकरीचा चुरा ताटभर झाला. "भूक नाई ताई, दुपारी लय खाल्लं," म्हणाला. कोणाकडे, ते मी विचारलं नाही. ताट न धुता, तिथेच टाकून तो निघून गेला. मी ते झाकलं, दार ओढून घेतलं आणि काकूंच्या घराकडे चालू लागले. जेवला नाही की सांगायचं असतं. वळणावर त्यांच्या दाराचं कुलूप दिसलं तेव्हा भानावर आले. तिथेच बसून रडले.

काल गुरुवार होता. मी पातोड्या केल्या, ताट घासून पुसून मांडलं, काठावरचं काकूंचं नाव माझ्या बाजूला आलं. गजू आला नाही. शुक्रवारचं घर असतं तर त्यांना निरोप दिला असता, उद्या त्याच्या आवडीचं करा म्हणून.