फिटर बाहेर राहिला तो भाग

कमळाबाईला टीव्हीवरची अंतराळयानाची मालिका का आवडते, हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायची, "त्यांच्याकडं केर नसतो. एवढं मोठं घर आनि एक केरसुनी नाय. कोन झाडतं ते बघाया बसते." खरं कारण साधं होतं. त्या मालिकेत हरवलेला माणूस तासाभरात परत यायचा. कुणी परक्या ग्रहावर अडकला, कुणी धुक्यात शिरला, तरी शेवटची पाटी येईपर्यंत तो यानात परतलेला असायचा आणि बाकीचे त्याच्या खांद्यावर हात ठेवून हसत असायचे. ते हसणं तिला आवडायचं.

किन्हवलीच्या पुढे, रस्ता संपतो तिथल्या वाडीत ती एकटी राहत होती. भिंतीला भिंत लावून दीर महादूचं घर. दर रविवारी साडेअकराला ती भात चुलीवरून उतरवून महादूच्या ओटीवर येई आणि टीव्हीसमोर बसे. मांडीवर पळसाच्या पानांची चवड, हातात पानं टाचायची चोय, बांबूची बारीक काडी. पत्रावळी लावणं हे तिचं काम. आसपासच्या गावांत लग्न असो की तेरावं, पत्रावळ कमळाबाईची. नजर पडद्यावर असली तरी पान पानाला बरोबर टाचलं जाई.

मालिका मूळची परदेशातली, बोलणं हिंदीत बसवलेलं. ओठ आधी मिटायचे, आवाज मागाहून यायचा. अडलेलं महादूची मुलगी नम्रता समजावून सांगे. वीस वर्षांची नम्रता स्वतःही त्या मालिकेची वेडी होती. यानाची कप्तान एक बाई होती, तिचं नाव कमळाबाईला जमेना म्हणून ती तिला नुसतं 'बाय' म्हणे. यान दुरुस्त करणारा एक आडदांड, कमी बोलणारा माणूस होता. तो 'फिटर'.

कमळाबाईचा नवरा नवसू त्र्याण्णव साली गेला. गावात बोअर मारायला गाडी आली होती, दूर दक्षिणेकडची. तीन दिवस ती गाडी जमीन कोरत राहिली. नवसू तिच्या आवाजाभोवती फिरत राहिला. चौथ्या दिवशी गाडीबरोबर गेला. दोन पत्रं आली, दुसरं कर्नाटकातून. त्यात लिहिलं होतं की इथली माती काळी आहे आणि पाणी फार खोल आहे. पुढे काही नाही. मेला म्हणावं तर प्रेत नाही, सोडून गेला म्हणावं तर भांडण नाही. कमळाबाईने कुंकू लावणं चालू ठेवलं आणि लोकांनी विचारणं बंद केलं.

दोन हजार पाच सालचा भाद्रपद. नम्रताचं लग्न मुरबाडच्या एका घरात ठरलं होतं, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरली होती. त्या रविवारी मालिका सुरू व्हायच्या आधी महादू ओटीवर आला आणि उभ्या उभ्याच बोलू लागला.

"वयनी, पत्रिका छापाया टाकायचीय."

"टाका की."

"तेच. दादाचं नाव घालायचंय. छापखानेवाला विचारतो, आधी काय लावू? श्री का कैलासवासी?"

कमळाबाईच्या हातातलं पान तसंच राहिलं.

"मुरबाडवाल्यांनीपन विचारलंन," महादू जमिनीकडे बघत म्हणाला. "पोरीचा काका हाय का नाय, एक काय ते सांगा म्हनतात. भटजी म्हनला, बारा वर्षं झाली, आता विधी करता येतो. पळसाच्या पानांचा मानूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा. मग घरात कार्य करायला मोकळीक. पन तुमी हो म्हनल्याबिगर मी नाय करनार. शनिवारपर्यंत सांगा."

"बाबा, सुरू झाली," नम्रता हळूच म्हणाली. तिला बापाला थांबवायचं होतं की काकीला सोडवायचं होतं, तिचं तिलाच माहीत.

त्या दिवशीच्या भागात फिटर यानाच्या बाहेर, पाठीवरून निखळून तरंगणारं एक यंत्र दुरुस्त करायला उतरला होता. तेवढ्यात यान एका विचित्र जागेजवळ आलं.

"काय झालं गो?"

"काकी, तिथं आकाशात एक खड्डा हाय. त्याच्यात येळ हळू चालते. फिटर त्याच्यात सापडला."

"पडला?"

"पडला नाय. थांबला. काम उरकलं की येईल तो बाहेर, पन त्याची पंधरा मिनिटं होतात तवर यानात नऊ वर्षं जातात."

खिडकीतून फिटर दिसत होता. हात वर, हातात पाना. बघायला गेलं तर स्थिर. पण वर्षभराने पाहिलं तर पाना बोटभर सरकलेला. त्याला बाहेर ओढायचा प्रत्येक उपाय फसला. यान थांबून राहिलं. बायचे केस पांढरे झाले. यानात पोरं जन्मली, मोठी झाली, खिडकीशी उभी राहून आयांना विचारू लागली की हा कोण आणि हा हात का हलवत नाही.

"दिसतो तरी," कमळाबाई म्हणाली.

नम्रताने तिच्याकडे पाहिलं. कमळाबाईचं लक्ष नव्हतं.

"रोज उठून बघाया मिळतो. त्यांचं बरं हाय."

मग यानातले लोक बायसमोर येऊन उभे राहिले. अन्न संपत आलं होतं. ज्या ग्रहावर जायला ते निघाले होते तो अजून दूर होता, आणि पोरांच्या पायांना जमीन ठाऊक नव्हती. एक म्हातारा म्हणाला, आमचंही त्याच्यावर प्रेम आहे, पण आता निघायला हवं.  बाय खिडकीकडे गेली. मग परत आली. यान चालवायच्या दांड्यावर तिने हात ठेवला.

आणि वीज गेली.

"आता?" कमळाबाई ओरडली. "थांबली का गेली?"

"काकी, आता चार वाजता येईल लाईट."

"नम्रता, ती थांबली का गेली?"

पडद्याच्या काळ्या काचेत ओटीचा खांब दिसत होता आणि खांबाला टेकून उभा असलेला महादू.

सोमवारी कमळाबाईने वाडीत चौकशी केली. वीज सगळ्यांचीच गेली होती. तरी दोघांनी शेवट सांगितला, आणि दोन्ही वेगळे. एकाच्या मते बायने उडी मारून फिटरला ओढून आणलं. दुसरा म्हणाला, ते स्वप्न होतं. "मेल्यांनो, लाईट नव्हती तर बघितलंत कशात?" कमळाबाई म्हणाली.

बुधवारी ती एसटीने शहापूरला आणि तिथून भातसानगरला गेली. तिची धाकटी बहीण काशी तिथल्या वसाहतीत राहायची, नवरा धरणावर कामाला. वसाहतीत वीज जात नसे. काशीला वाटलं, ताई विधीचं विचारायला आली. तिने चहा टाकला, डोळे पुसले. कमळाबाई मात्र काशीच्या मुलीजवळ, वैष्णवीजवळ जाऊन बसली.

"रविवारी यानाची बघितलीस?"

"हो मावशी."

"शेवट सांग. खराखरा सांग, मनाचं घालू नको."

वैष्णवीने वही मिटली आणि सांगितलं. बायने दांडा ओढला. यान गेलं. मग कितीतरी वेळ नुसता अंधार. मग फिटरचा पाना हलला, हातातल्या यंत्राचा शेवटचा नट बसला. त्याचं काम पुरं झालं. तो वळला, हात पुढे केला आणि हाताला यान लागेना. शिरस्त्राणातल्या यंत्रात तो म्हणाला, दार उघडा. मग पुन्हा म्हणाला, दार उघडा. तिथे संपलं.

"संपलं?"

"हो. नावं आली."

"त्याच्यासाठी काय ठेवलं नव्हतं? चिठ्ठी, दिवा, काय तरी?"

"नाय."

कमळाबाईने कप हातातच धरून ठेवला. चहावर साय धरली. काशी म्हणाली, "ताई, गोष्ट हाय ती. कशाला मनाला लावून घेतेस?"

"ती गेली ते बरोबर," कमळाबाई म्हणाली. "पोरांना जमीन नको? मी असते तर मीपन गेले असते. पन तो बाहेर येनार हे तिला ठावूक व्हतं ना? मग सांगून जायाचं. नऊ वर्षं थांबलीस बाय, आनि अर्धी घटका बोलाया थांबली नायस."

हे बोलताना तिचा आवाज चढला होता. वैष्णवी घाबरली. काशीला एकाएकी कळलं की आपली बहीण मालिकेबद्दलच बोलते आहे, आणि नुसतं मालिकेबद्दल बोलत नाही.

परतताना शहापूरला उतरून कमळाबाई किन्हवलीच्या गाडीत न बसता भटजींच्या घरी गेली. भटजी अंगणात स्कूटर पुसत होते. ती पायरीवर बसली.

"महादूची वयनी मी. नवसूची बायको."

"हो हो. ठरलं का?"

"एक विचारायचंय. पानांचा मानूस जाळला, आनि मग ते आले तर?"

भटजींचा फडका थांबला. "तीस वर्षांत हे कुणी विचारलं नाही मला," ते म्हणाले. मग आत जाऊन पोथी घेऊन आले, चष्मा लावला, बरीच पानं उलटली.

"आहे. त्याची सोय आहे."

"काय सोय?"

"आला तर तो नव्याने जन्मला असं धरायचं. तुपाने न्हाऊ घालायचं. जन्मल्यावरचे सगळे संस्कार पुन्हा. बारसं सुद्धा."

"बारसं? पन्नाशीच्या मानसाचं?"

"पोथीत तसंच आहे. आणि शेवटी लग्न. त्याच बायकोशी, पुन्हा."

कमळाबाईने तोंडाला पदर लावला. भटजींना वाटलं रडते आहे. ती हसत होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "पोथी जुनी हाय?"

"फार जुनी."

"म्हंजे तेव्हापन मानसं येत व्हती परत."

"कुणीतरी आला असेल," भटजी म्हणाले. "त्याशिवाय कोण कशाला लिहून ठेवील?"

शुक्रवारी सकाळी तिने महादूला हाक मारून सांगितलं, करा. पानं मी आणते.

सर्वपित्रीला नदीकाठी चौघंच गेली: भटजी, महादू, नम्रता आणि कमळाबाई. बायकांनी जायची रीत नव्हती. पण पानांचा भारा कमळाबाईच्या डोक्यावर होता आणि तो खाली ठेवून परत जा, असं म्हणायला कुणी धजलं नाही. तीनशे साठ पानं, देठासकट. तिने पहाटेपासून रानात निवडून काढली होती, एकही किडकं नव्हतं.

भटजी सांगत गेले, महादू मांडत गेला. डोक्याच्या जागी नारळ, इतकी पानं हातांना, इतकी छातीला, इतकी पायांना. दर्भाने बांधत बांधत माणूस तयार झाला. काळ्या खडकावर हिरवागार, लांबच लांब.

कमळाबाई त्याच्याभोवती एक फेरी मारून आली.

"भावजी, हे तुमी झालात."

महादू दचकून मागे सरला. "काय बोलता वयनी!"

"मग काय. ते एवढे उंच कुठं व्हते? तुमच्या कानाला लागायचे."

भटजी म्हणाले, "बाई, मापाला महत्त्व नाही. पानांची संख्या बरोबर आहे."

"संख्या तीच ठेवते," ती म्हणाली आणि खाली बसली. पायांची बांधणी तिने सोडली. पानं एकावर एक दाट बसवून पाय आखूड केले. छाती रुंद केली. मग डावा खांदा उकलला आणि जरा खाली उतरवून बांधला. भातगिरणीत पोती वाहून नवसूचा तो खांदा उतरला होता. महादू बघत होता. खांदा बसला तेव्हा त्याच्या तोंडून "दादा" असं निघालं आणि तो तोंड फिरवून नदीकडे बघत उभा राहिला. इतका वेळ त्याला पानं जाळायची होती, आता भावाला जाळायचं होतं.

नम्रता त्याच्या जवळ गेली. "बाबा, नको असेल तर नको. माझं लग्न असंच होऊ दे."

"नाय गो," कमळाबाई म्हणाली. "तू जायाचंस. थांबायचं नाय."

भटजींनी मंत्र म्हटले. महादूने चूड पेटवली. तो वाकणार इतक्यात कमळाबाईने हात आडवा केला. नारळाच्या बाजूला, जिथे कान असायला हवा होता तिथे वाकून ती बोलू लागली. रोजच्या आवाजात, शेताला निघालेल्या माणसाला डब्यात काय घातलंय ते सांगावं तशी.

"ऐकताय ना? आमी आता पुढं जातो. नम्रताचं लगीन मुरबाडला ठरलंय, मुलगा बरा हाय. तुमच्या नावापुढं कैलासवासी छापनार हायत, ते वाचून रागावू नका. कधी आलात तर आधी शहापूरच्या भटजींकडं जा. मी सगळं बोलून ठेवलंय. बारसं करावं लागेल. नाव मी ठेवीन."

मग ती उठली आणि महादूला वाट दिली.

पानं ओली होती. महादूने तीनदा चूड लावली, तेव्हा उतरलेल्या खांद्याशी पानांनी पेट घेतला.