विमान टेकेपर्यंत केर काढायचा नाही

डोंबिवलीत तेव्हा विहिरीवर कुजबुज होती, की सुमतीबाईंनी हेमाचं स्थळ मोडावं म्हणून मुद्दाम घर केरात ठेवलं. मिळवती लेक कोण हो हातची सोडेल? हे सांगत फिरणाऱ्या ठमाबाई स्वतःच्या सुनेला चार दिवस माहेरी सोडत नसत, पण ते जाऊ द्या.

झालं असं, की माघातल्या एका शनिवारी सकाळी सुमतीबाईंचा प्रभाकर विमानाने लंडनला निघाला. गल्लीतला पहिलाच! निरोपाला अर्धी गल्ली घरात लोटली. शेंगांची टरफलं, हाराच्या पाकळ्या, सगळा पसारा. आणि गेलेला माणूस मुक्कामी पोचेपर्यंत मागे केर काढायचा नाही, हा सासूबाईंपासूनचा नियम. कल्याणला जाणाऱ्यासाठी ठीक. लंडनसाठी?

"अहो, किती लांब हो ते?"

त्यांच्या यजमानांनी, गुरुदत्तांनी, नकाशावर दोरा ताणला. मुंबई, कैरो, जिनिव्हा, लंडन. "पाच हजार मैल भरतील! बोटीला तीन आठवडे लागतात, हे उद्या सकाळी आठला टेकतंय. पेपरात आलंय."

"बरं झालं बाई. बोटीने गेला असता तर तीन आठवडे केरातच बसलो असतो!"

रविवारी अकराला ठाण्याची माणसं हेमाला बघायला यायची होती. आठाचे ठोके पडले तशी सुमतीबाईंनी देवापुढे साखर ठेवली, पदर खोचला आणि केरसुणी उचलली. "पोचला गं माझा लेक!"

"आई," हेमा म्हणाली, "तिथले आठ म्हणजे आपला दुपारचा दीड. दादा अजून आकाशातच आहे."

"कार्टे, गप्प बसायला काय झालं होतं? तुलाच बघायला येतायत!" गुरुदत्त कळवळले.

सुमतीबाईंनी एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा दाराकडे. केरसुणी परत कोपऱ्यात गेली.

अकराला नवरामुलगा विश्राम आणि त्याची आई मालनबाई आले. पहिल्याच पावलाला टरफल कुरकुरलं. मालनबाईंच्या भुवया चढल्या. "डोंबिवलीत केरसुणी मिळत नाही वाटतं?"

सुमतीबाईंना वाटलं, आता हे स्थळ गेलंच! पण खोटं काही सुचेना. "मिळते हो. पण मुलगा विमानात आहे. दीडला टेकेल."

मालनबाई पोह्यांची बशी बाजूला सारून म्हणाल्या, "अगंबाई! मग आत्ता कुठे असेल हो?"

झालं! नकाशा टरफलांवरच पसरला, सगळे भोवती ओणवे.

"जिनिव्हा सोडलं असेल," विश्राम म्हणाला.

"इतक्यात? उतरून पेट्रोल नको का भरायला?" हेमा फिस्कारली.

दोघांची बोटं जिनिव्हावर भिडली आणि लवकर कुणी उचलली नाहीत. मुलगी बघायचा कार्यक्रम राहूनच गेला. दीड वाजला तशा मालनबाईच ओरडल्या, "टेकलं! आणा ती केरसुणी!"

वैशाखात लग्न लागलं.

सुमतीबाईंना स्थळ मोडायचं नव्हतं. प्रभाकर लंडनला पोचला नव्हता, म्हणून त्यांनी केर काढला नाही.