हसानेनच्या बाह्या

हसानेनच्या स्वतःच्या घरात उंदीर होता, आणि ही गोष्ट नाईलकाठच्या सवाकी गावात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होती. चाळीस वर्षं हा माणूस लोकांच्या घरांतून नुसत्या हातांनी साप काढत आला, आणि त्याच्या बायकोच्या, फौकियाच्या पिठाच्या पोत्याला मात्र अंगठ्याएवढा उंदीर रोज नवं भोक पाडत होता. फौकिया भाकरी थापता थापता शेजारणींना ऐकू जाईल अशा बेताने नवऱ्याला म्हणायची, "सबरीचे बाबा, त्या सापांतला एखादा आठवडाभर राहायला आणा. निदान तो तरी हातपाय हलवील." हसानेन चहात चौथा चमचा साखर घालत शांतपणे सांगायचा की उंदीर हे आपलं खातं नाही.

पण लोकांना हे कोण समजावणार? तो रिफाई घराण्यातला, म्हणजे आजा-पणज्यापासून सापांना हाक मारून बाहेर काढणाऱ्यांतला. गावाच्या लेखी मात्र घरात जे जे आगंतुक शिरेल ते सगळं हसानेनचं. खुराड्यात मुंगूस शिरलं, बोलवा हसानेनला. उसाच्या फडातून कोल्हा अंगणापर्यंत आला, बोलवा हसानेनला. एकदा तर एका बाईने मोरीतल्या झुरळांसाठी निरोप धाडला, त्या दिवशी तो संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलला नाही.

सापाचं बोलावणं आलं की मात्र त्याची चालच बदलायची. घरात गेला की आधी नुसता उभा राहून हुंगायचा. साप असलेल्या घराला काकडीच्या सालीसारखा वास येतो असं त्याचं म्हणणं. मग भिंतीतल्या फटी बघायचा, धुळीतली रेघ बघायचा, आणि शेवटी घराण्याच्या मूळ पुरुषाचं, सय्यद रिफाईंचं नाव घेऊन सापाला शपथ घालायचा, की बाबा रे, बाहेर ये, तुला कुणी मारणार नाही. आणि साप यायचा. नावाला मान देऊन यायचा की चाळीस वर्षं मुरलेल्या डोळ्यांना तो आधीच दिसलेला असायचा, ते ज्याचं त्याने ठरवावं. धरलेला साप तो डोंगराच्या कडेला, जुन्या दगडखाणीत सोडून यायचा.

आता या धंद्यात लबाडी पुष्कळ. साप बाहीत लपवून आणायचा, घरात सोडायचा आणि 'हा बघा' म्हणून धरून दाखवायचा, असले महाभाग नाईलच्या दोन्ही काठांना सापडतील. म्हणून रीत अशी, की रिफाईने उंबऱ्याबाहेरच आपल्या पायघोळ गलाबियाच्या रुंद बाह्या झटकून दाखवायच्या आणि पिशवी उलटी करायची. हसानेन हे कुणी न सांगता करायचा. पण शाळेतल्या उस्ताद वगीह मास्तरांचं तेवढ्याने भागत नसे. विज्ञान शिकवणारा माणूस तो. कुठे साप निघाला असं कळलं की वर्गाला गणितं घालून हजर. वीस वर्षं त्यांनी हसानेनच्या बाह्या चाचपल्या, काखा चाचपल्या, दोनदा वहाणा काढायला लावल्या. काहीच हाती लागलं नाही की मान डोलावून म्हणायचे, "हुशार आहे." बाकीचे हसायचे. हसानेनही हसायचा, पण हे त्याला फार लागायचं. घरी येऊन तो फौकियाला म्हणायचा की मरायच्या आधी एकदा त्या माणसाच्या तोंडून 'हसानेन खरा आहे' एवढं ऐकायचंय, मग खुशाल मरेन. फौकिया म्हणायची, तोवर उंदीर तरी धरा.

गव्हाच्या कापणीच्या तोंडावर हज करून आलेल्या हाज्जा नफीसाचं बोलावणं आलं. घर मोठं, पण माणसं मोजकी. नवरा हाज्ज बदवी पाय मोडून खाटेवर पडलेला, मुलगा लांब हुरगदाला हॉटेलात नोकरीला, आणि चार महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली सून रावया. छतावर एक रिकामा कबुतरखाना होता आणि चार दिवस त्यातून फूत्कार ऐकू येत होते. हाज्जाने आपली गादी उचलून भावाच्या घरी नेली होती. साप डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी या घरात झोपायची नाही, आणि हसानेनला नाही जमलं तर शुक्रवारी भाचे आणून कबुतरखानाच पाडते, असं तिने गल्लीभर सांगून ठेवलं होतं.

हसानेनने दारात बाह्या झटकल्या. उस्ताद वगीह हाज्ज बदवींचे चुलतभाऊच, तेव्हा ते होतेच. त्यांनी मनासारखं चाचपून घेतलं. मग हसानेन शिडी चढून छतावर गेला आणि शिडी धरायला आलेली रावयाही मागोमाग वर आली. काकडीच्या सालीचा वास कुठेच नव्हता. त्याने वाकून कबुतरखान्यात डोकावलं आणि मटकन खाली बसला. गोवऱ्यांच्या ढिगामागे घुबडाची तीन पिल्लं एकमेकांना रेलून बसली होती. पांढरीफटक तोंडं, अंगावर पिंजलेला कापूस. तिघांनी एकदम चोची उघडल्या आणि असा फूत्कार टाकला की नागानेही शिकवणी लावावी.

हसानेनला हसू फुटलं. वळून बघतो तर रावयाच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता, पण आश्चर्यही नव्हतं.

"तुला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"काका, साप आहे असं मीच म्हटलं. वर कुणी फिरकू नये म्हणून. दोन-तीन आठवड्यांत पिल्लं उडून गेली असती. तुम्हाला बोलावतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

मग तिने हलक्या आवाजात सगळं सांगितलं. ती या घरात आली आणि पंधरा दिवसांत म्हशीचं रेडकू मेलं. त्यानंतर हाज्ज गाढवावरून पडले. हाज्जाने तिला तोंडावर पांढऱ्या पायाची म्हटलं, आणि मुलाला फोनवर बजावलं की आता आणखी एक काही झालं तर हिचं बोचकं दाराबाहेर. मुलगा आईपुढे ब्र काढणारा नव्हता. आणि आता घुबड, तेही थेट घराच्या डोक्यावर.

"तुम्ही खाली जाऊन घुबड म्हणालात तर आज संध्याकाळी मी माहेरी असेन," ती म्हणाली. "तिथे माझ्या पाठच्या दोघी लग्नाच्या आहेत. मला ठेवून घेतलं तर त्यांना कोण करून घेईल?"

हसानेनने पुन्हा पिल्लांकडे बघितलं. घुबड घरातले उंदीर खातं, त्याच्यासारखा भला शेजारी नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. उस्तादांना ते पटलंही असतं. पण हाज्जापुढे उस्तादांचं विज्ञान चालत नसे, आणि खरं सांगायचं तर उस्तादांच्या स्वतःच्या दारावरही दृष्टीचा निळा मणी टांगलेला होता.

खाली येऊन त्याने आधी खरं तेच सांगून बघितलं, की साप नाही.

"मग फूत्कारतंय कोण? माझे मेलेले सासरे?" हाज्जा म्हणाली.

त्याने तोंड उघडलं. शिडीवरून उतरणारे रावयाचे पाय दिसले आणि त्याने ते मिटलं. आज सापाची बाहेर यायची वेळ नाही, उद्या येतो, असं काहीतरी पुटपुटून त्याने पिशवी उचलली. चाळीस वर्षांत धंद्यात बोललेलं त्याचं हे पहिलं खोटं.

"उद्या? बाहीला आतून खिसा शिवायला एक दिवस लागत असेल," उस्ताद म्हणाले, आणि सगळे खो खो हसले.

घरी येऊन त्याने फौकियाला सगळं सांगितलं. ती एकदाही टोमणा न मारता ऐकत राहिली, त्यावरूनच त्याला कळलं की प्रकरण अवघड आहे. त्याला सगळं दिसत होतं. साप दाखवला तरच हाज्जा गप्प बसणार. पण तिथे नसलेला साप दाखवायचा म्हणजे तो आणायला हवा. ज्याच्यासाठी वीस वर्षं काखा चाचपून घेतल्या, नेमकं तेच करायचं.

"माझा बाप कबरीतून उठून येईल," तो म्हणाला.

"तुमच्या बापाचं मी बघून घेते," फौकिया म्हणाली. "त्या पोरीचं कोण बघणार?"

पुढचं फौकियानेच जमवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रावया गोवऱ्यांची पाटी डोक्यावर घेऊन शेताकडे निघाली. वरच्या थराखाली तीन पिल्लं होती. फडापलीकडच्या बंद पडलेल्या पंपघरात तिने ती ठेवली. पिल्लांचा आवाज ऐकून त्यांची आई तिथे पोचणार, याची हसानेनला खात्री होती. तो स्वतः दगडखाणीत गेला आणि हातभर लांबीचा, करंगळीएवढा, पट्ट्यापट्ट्यांचा वाळूतला साप घेऊन आला. बिचारा सरडे खाऊन राहणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

पण ठेवायचा कुठे? बाह्या नाहीत, काखा नाहीत, वहाणा नाहीत. राहिलं डोकं. वयस्क माणसाच्या पागोट्याला आमच्याकडे कुणी हात लावत नाही. कुणाला ते काढ म्हणणं म्हणजे त्याची अब्रू काढणं, आणि उस्तादांनीही वीस वर्षांत तेवढी हिंमत केली नव्हती. फौकियाने डोळे घट्ट मिटून, तोंडाने देवाचा धावा करत, नवऱ्याच्या डोक्यावर ठेवलेल्या सापाभोवती सात हात पागोटं गुंडाळलं.

दारात उस्तादांनी आज जरा जास्तच वेळ घेतला. बाह्या उलट्या केल्या, गळपट्टीत बोट घालून बघितलं. काही नाही. मग हाज्ज बदवींनी खाटेवरून हाक मारली की चहा घेतल्याशिवाय वर जायचं नाही. हसानेन बसला. चहा गरम, दुपार गरम, आणि डोक्यावरचा पाहुणा उबेला येऊन जागा झाला. त्याने आधी डाव्या कानामागे कूस बदलली, मग सावकाश कपाळाकडे निघाला. हाज्ज आपल्या पायाची हकीकत सांगत होते, हाड कुठे सरकलं, डॉक्टर काय म्हणाला, हाडवैद्य काय म्हणाला. हसानेन मान हलवत नव्हता. अगदी तसूभरही नाही. हाज्जना वाटलं, किती लक्ष देऊन ऐकतोय माणूस, म्हणून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितली.

शेवटी तो वर गेला. रावयाने शिडी धरली होती. कबुतरखान्यात शिरून त्याने पागोटं सोडलं, तेव्हा तिने तोंड फिरवलं. बापाच्या वयाच्या माणसाचं उघडं टक्कल बघणं तिला बरं वाटलं नाही. साप कडब्यावर पडला आणि सुटकेच्या आनंदात वेटोळं घालून बसला.

आता शपथ घालायची. खाली सगळे कान देऊन उभे होते. पण सय्यदांचं नाव या कामात घ्यायला हसानेनची जीभ वळेना. मग त्याने डोळे मिटले आणि तोच सूर लावून, शब्द कळणार नाहीत अशा बेताने, उत्तरेकडे जाणाऱ्या आगगाडीची स्टेशनं म्हणायला सुरुवात केली. कूस, किना, दिश्ना, नागा हम्मादी, गिर्गा, सोहाग. असियूतपर्यंत जाऊन तो परत फिरला. खाली हाज्जा डोळे पुसत होती.

साप हातात घेऊन तो शिडी उतरला तेव्हा पागोटं पुन्हा डोक्यावर होतं, जरा वाकडं. हाज्जा किंचाळली, मग जवळ आली, मग रावयाचा हात धरून म्हणाली की पोरीनेच आधी ओळखलं बरं, नाहीतर हे जनावर एखाद्या दिवशी माझ्या उशाशी आलं असतं. रावयाची मान खाली होती. तिला रडू येत होतं आणि हाज्जाला वाटलं भीतीने येतंय, तिने सुनेला पोटाशी धरलं.

 उस्ताद वगीह यांनी मात्र सापाकडे बघितलं, हसानेनच्या बाह्यांकडे बघितलं, स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग सगळ्यांच्या देखत पुढे झाले, हसानेनचे दोन्ही खांदे धरले, आणि आमच्याकडे चूक कबूल करणारा माणूस करतो तसं त्याच्या डोक्याचं चुंबन घेतलं, पागोट्यावरच, साप होता त्याच जागी.

"वीस वर्षं मी तुमच्यावर संशय घेतला," उस्ताद म्हणाले. "आज मी स्वतः तपासलंय, माझ्या हातांनी. हसानेन खरा आहे. यापुढे या गावात कुणी तुमच्या बाह्या बघायच्या नाहीत."

लोक वाहवा म्हणाले. हसानेनला वाटलं की आत्ता इथल्या इथे जमीन दुभंगावी. ज्या शब्दांसाठी तो वीस वर्षं झुरला ते समोर उभे होते आणि त्याला एकही घेता येत नव्हता. ओट्याशी रावया पदर तोंडात धरून त्याच्याकडे बघत होती.

"उस्ताद, बाह्या बघत जा," तो म्हणाला. "माझ्या गळ्याची शपथ. एकदाही चुकवू नका."

हा विनय पाहून तर उस्तादांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

त्या दिवसापासून हसानेन कुणाच्याही दारात पोचला की आधी पागोटं काढतो आणि घरमालकाच्या हातात देतो. भर उन्हात, भर गल्लीत, पांढरं टक्कल उघडं टाकून उभा राहतो. लोकांना फार ओशाळल्यासारखं होतं. राहू द्या हो, कशाला, म्हणतात. उस्ताद तर तोंडच फिरवतात. पण त्यांनी ते सात हात कापड टोकापासून टोकापर्यंत झटकून बघितल्याशिवाय तो उंबरा ओलांडत नाही.