आकाश वाचवू की माणसं?

थंडीत आम्ही कुवेतची मराठी मंडळी वाळवंटात तंबू ठोकून शेकोटीत वांगी भाजतो. यंदा फिंतास भागात राहणाऱ्या कुणाबरोबर एक गृहस्थ आले होते. नाव विचारायचं राहूनच गेलं, कारण ते मान वर करेनात. समोर खरा सूर्य बुडत होता आणि हे माझ्या शेजारी, चष्मा कपाळावर चढवून, मोबाइलवर त्याच सूर्याचा, नुकताच आम्हा सगळ्यांसकट काढलेला फोटो सुधारत बसले होते.

"आकाश सांभाळलं की माणसं कोळसा होतात," ते कुरकुरले, "आणि माणसं उजळली की आकाश धुतलेली चादर!"

"माणसंच उजळा हो," पलीकडून वांगी परतत बायको ओरडली, "सासूबाईंना पाठवायचाय."

त्यांनी बोट सरकवलं. अंधारातून आधी तंबू उगवला, मग मी, मग माझ्या हातातली जिलबी. माझी साखर वाढल्यापासून आमच्या घरात जिलबीचं नावही निघत नाही.

गृहस्थांनी पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी, आकाशच वाचवावं लागतंय!" असं मोठ्यानं सांगून त्यांनी मला पुन्हा काळं केलं आणि मुकाट्यानं तळहात पुढे केला. मी त्यावर जिलबी ठेवली.

तो फोटो आता आमच्या दिवाणखान्यात आहे. सगळे आकाशाचं कौतुक करतात. मी त्यातला सर्वांत सुखी कोळसा.