शंभराची नोट

दौंडला बदली झाल्यावर दुपारी मी स्टेशनबाहेरच्या एका खानावळीत जेवायचो. तिथं वाढायला एक बाई होती, तिशीची असेल. ताट टेबलाच्या कडेला ठेवून ती दोन बोटांनी पुढं सरकवायची आणि लगेच मागं व्हायची. भाकरीसुद्धा हात लांब करून वाढायची. मला वाटायचं, बाई तुसडी आहे.

एकदा मला उशीर झाला, भाजी संपली होती. तिनं आत जाऊन माझ्यापुरतं पिठलं करून आणलं. मी खूश होऊन ताटाखाली शंभराची नोट ठेवून आलो.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो, तर तिनं तीच नोट माझ्यापुढं ठेवली. मग पाणी ओतायला लागली.

"दादा, ठेवायचंच आसंल तर दहा ठेवत जावा," ती दाराकडं बघत हळू म्हणाली. "शंभर ठेवणारा दुसऱ्या दिवशी नाव इचारतो. मंग घर कुठं हाय ते इचारतो. आदलं काम मी त्यापायीच सोडलं."

मी मान खाली घालून नोट खिशात टाकली. येताना रस्त्यातच मी ठरवलं होतं, आज हिला नाव विचारायचं.