करंगळीच्या पेराएवढं इंजिन

दातांच्या लॅबमध्ये तिला सगळे चिमटी म्हणत. दिवसभर भिंगाखाली लोकांच्या दाढांच्या टोप्या घासायच्या, आणि हातातला चिमटा जेवतानाही खाली ठेवायचा नाही, म्हणून चिमटी. नवरा बस चालवायचा. गर्दीतून ते धूड लीलया वळवणारा गडी घरी मात्र बायकोच्या टेबलाशी श्वास रोखून उभा राहायचा. तो शिंकला की आगगाडीचे डबे उडत!

ही आगगाडी तिचं वेड. एकदा जुन्या बाजारात कानातल्यांच्या ढिगात तिला खेळण्यातला एक इवलासा रेल्वेचा डबा दिसला आणि खिडक्या पाहून ती खुळावलीच. मग मिळेल तिथून असे डबे जमवले आणि शेवटी एका सुटकेसमध्ये आख्खी रेल्वे उभी केली. रुळांमध्ये मोहरीचे दोन दाणे जेमतेम शेजारी बसतील. डोंगर दातांच्या प्लास्टरचा, बोगदा दाढ कोरायच्या मशीनने पाडलेला. चढावर विकतची इंजिनं घसरायला लागली, तेव्हा चाकांत चुंबक बसवून तिने स्वतःच एक इंजिन बनवलं. करंगळीच्या पेराएवढं.

"लोक संसार मांडतात," सासूबाई चाकाच्या खुर्चीतून म्हणायच्या, "आमची सून मुंग्यांना रेल्वे बांधून देतेय."

छोट्या रेल्वेवाल्यांच्या मंडळाचं प्रदर्शन भरलं, तेव्हा घरी सोबतीला कोणी नसल्याने सासूबाईही आल्या. कुरकुरतच. सुटकेस उघडली आणि लोकांची ही झुंबड! चिमटीने इंजिन रुळांवर ठेवलं, बटणाकडे हात नेला, आणि नेमकं तेव्हाच पाठीवर बॅग घेतलेले एक गृहस्थ गर्रकन वळले. टेबलाला धक्का बसला. इंजिन उडालं.

"थांबा! कोणी पाऊल उचलायचं नाही!"

एवढा आवाज आपल्या गळ्यातून निघाला यावर तिचाच विश्वास बसेना. सगळा हॉल जागच्या जागी खिळला, आणि मग एकेक जण अलगद गुडघ्यांवर बसला. मंडळाचे अध्यक्ष टॉर्च घेऊन चक्क पालथे पडले. बॅगवाले गृहस्थ घामाघूम.

"सापडलं!" नवरा टेबलाखालून ओरडला.

शर्टाचं बटण होतं ते.

चिमटीचं डोकं चालू लागलं. चाकांत चुंबक आहे. म्हणजे ते जमिनीवर नसेलही, लोखंडाला धरून बसलं असेल. टेबल लाकडी, बाकं प्लास्टिकची. मग तिची नजर वळली.

"आई, हलू नका हं."

"मी कुठे पळतेय गं?"

ती वाकली. सासूबाईंच्या खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्टीखाली इंजिन उलटं लटकलं होतं, वटवाघळासारखं. हॉलमध्ये असा काही जल्लोष झाला, की शेजारच्या टेबलावरच्या रेल्वेची इवली झाडंही आडवी झाली.

एक चाक किंचित वाकलं होतं. तिने चिमट्याने ते हळूच सरळ केलं, इंजिन रुळांवर ठेवलं, मागे चार डबे जोडले. बटण दाबलं. गाडी थरथरली, निघाली, चढाला लागली. वर... वर... बोगद्यात शिरली. सगळ्या माना पुढे झाल्या. आणि पलीकडून ते इवलंसं नाक बाहेर आलं!

"आली गं बाई!" हे ओरडल्या सासूबाई. त्यांनी कोणाच्या तरी हातातलं भिंग ओढून घेतलं होतं. "अगं, खिडक्यांना पडदे आहेत! आणि ही बाकावरची बाई डुलक्या घेतेय का?"

"हो, आई."

"घरात इतके दिवस दाखवलं का नाहीस?"

चिमटी हसली. दाखवलं तर रोजच होतं.

सासूबाई स्टेशनावर भिंग फिरवत राहिल्या. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "सगळीकडे पायऱ्याच पायऱ्या. माझ्यासारखीने फलाटावर जायचं कसं?"

त्याच आठवड्यात स्टेशनाला उतार झाला, आणि उतारावर मुंगीएवढ्या खुर्चीत बसलेली एक बाई. आता रविवारी रेल्वेवाले घरी जमतात. गाडी दाखवतात सासूबाई, आणि बटणाला हात लावायचा तर सुनेलाही आधी त्यांची परवानगी घ्यावी लागते.